जन्म इथला, कागद कुठला?

मैत्रिणींनो, नोव्हेंबर सुरू झाला की आपल्याकडच्या गावागावांत एक ओळखीचं दृश्य दिसतं. बसस्टँडच्या बाजूला किंवा शाळेच्या मैदानाच्या कडेला ताडपत्रीची दुकानं लागतात, दोरीवर रंगीबेरंगी स्वेटर झुलतात आणि मागे तिबेटी बाई बसलेली असते. आपण भाव करतो. ती हसून मराठीत म्हणते, ‘‘ताई, एवढ्यात नाही परवडत हो.’’ आपण दहा-वीस रुपये कमी करून घेतो आणि घरी येतो. ती कुठून येते, सीझन संपल्यावर कुठे जाते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

मला तो पडला इटियाडोहला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे धरण आहे. १९७० मध्ये ते पूर्ण झालं. त्याच्या कालव्यांचं पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतल्या धानाला मिळतं. धरण पाहून झालं की लोक प्रतापगडला जातात. तिथे महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. याच परिसरात, धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडं यांच्यामध्ये, एकाएकी वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका दिसू लागतात. ही नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत. १९७२ पासून ती इथे आहे. धरणाहून दोनच वर्षांनी लहान!

त्या वसाहतीत एका बाईंनी मला चहा दिला. अंगात लांब चुपा, पुढे लग्न झालेल्या तिबेटी बाया बांधतात तो आडव्या पट्ट्यांचा पांगदेन. थंडीच्या दिवसांत त्या स्वेटर विकायला बाहेर पडतात आणि बाकीचे महिने घर आणि शेती बघतात. लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून माल उधारीवर आणायचा, विकून पैसे फेडायचे, उरेल ते आपलं. बोलता बोलता मी सहज विचारलं, ‘‘तुम्ही कधी आलात भारतात?’’

त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मी कुठून आली नाही, ताई. माझा जन्म इथलाच. आई आली होती.’’

मी ओशाळले. पन्नाशी उलटलेल्या, इथेच जन्मलेल्या, आपल्याच बाजारात आयुष्य काढलेल्या बाईला मी पाहुणी समजून प्रश्न केला होता. पण खरं सांगू? सरकारदरबारीही बरीच वर्षं तोच प्रश्न विचारला गेला आहे. फरक इतकाच, की मी ओशाळले आणि विषय संपला. त्यांच्या बाबतीत तो कागदावर गेला, आणि कागदावर गेलेला प्रश्न वर्षानुवर्षं संपत नाही.

नागरिक कोण, हे ठरतं कसं?

आपल्याला वाटतं, मतदार यादीत नाव आहे, आधार कार्ड आहे, म्हणजे झालो आपण नागरिक. तसं नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. नागरिकत्व ठरतं १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने. या कायद्यात नागरिक होण्याच्या ठळक वाटा अशा : जन्माने, वंशाने, नोंदणीने, आणि चौथी म्हणजे बरीच वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करून मिळणारं नागरिकत्व. या चौथ्या वाटेला सरकारी भाषेत ‘देशीयकरण’ म्हणतात.

जन्माची वाट सगळ्यांत सोपी, पण तिच्यावर तारखांची फाटकं आहेत. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो भारतात जन्मला तो नागरिक. आईबाप कोणत्या देशाचे, हे बघायचं नाही. परकीय वकिलातीतल्या लोकांच्या मुलांसारखे मोजके अपवाद तेवढे सोडायचे. पुढे कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यासाठी आई किंवा बाप यांपैकी एक तरी नागरिक हवा. मग ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. आता दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

हे कायद्याच्या पुस्तकात वाचताना कोरडं वाटतं. म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. समजा, प्रतापगडच्या वसाहतीत १९७४ साली एक मुलगी जन्मली. तिचे आईवडील तिबेटमधून आलेले. ती १९८७ च्या आधीची, म्हणून कायद्याने जन्मतःच भारतीय. तिचा धाकटा भाऊ १९८८ चा. तेच घर, तेच आईवडील, तीच सुईण. पण तो फाटकाच्या पलीकडे राहिला. त्याला नागरिक व्हायचं तर अर्ज करावा लागेल. मुलीचं लग्न झालं, नवरा लहानपणी तिबेटमधून आलेला. त्यांना १९९६ ला मुलगी झाली. आई नागरिक, म्हणून तीही नागरिक. मग २००६ ला मुलगा झाला. आता आई नागरिक असूनही पुरत नाही, बापाचे कागद काय सांगतात तेही बघायचं.

एका चुलीवर जेवणारी चार माणसं आणि चौघांचा हिशेब वेगळा! आणि यातली सगळ्यांत महत्त्वाची कडी कोण? आई. तिचं नागरिकत्व कबूल झालं तर लेकीचं आपोआप उभं राहतं. तिचा कागद अडला तर पुढच्या पिढीचाही अडतो. उशीर होतो तेव्हा तो एका अर्जापुरता राहत नाही, तो वारसा म्हणून खाली उतरतो.

एका मुलीने दार ठोठावलं

कायद्यात १९५० ते १९८७ ची तरतूद स्पष्ट असताना, तिबेटी लोकांना कित्येक वर्षं ‘परदेशी’ म्हणूनच वागवलं गेलं. त्यांना नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला ते ‘आर. सी.’ म्हणतात. पूर्वी त्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागे, पुढे ही मुदत अनेकांसाठी पाच वर्षांची झाली. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. ते पिवळं पुस्तक बघून परक्या विमानतळावरचा अधिकारी कसा बुचकळ्यात पडतो, याच्या गोष्टी वसाहतीतल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतात.

हे कोडं कोर्टात नेलं ते एका तरुणीने. नामग्याल डोलकर तिचं नाव. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा इथे १९८६ साली जन्मलेली. तिने भारतीय पासपोर्टसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. कारण काय, तर पूर्वी ओळखपत्राच्या अर्जात तिने स्वतःला ‘तिबेटी’ म्हटलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. जन्माने मिळालेलं नागरिकत्व एखाद्या अर्जात ‘मी तिबेटी’ असं लिहिल्याने जात नाही. कायद्याने दिलेली गोष्ट कारकुनी रकान्याने काढून घेता येत नाही.

आपल्याला वाटेल, झालं, प्रश्न मिटला. कुठला मिटतोय! निकाल एकीचा, बाकीच्यांनी आपापलं बघावं, असाच कारभार चालू राहिला. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. २०१४ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने सांगितलं, की या तारखांमध्ये जन्मलेल्या तिबेटींची नावं मतदार यादीत घ्या. तरी पासपोर्ट अडतच होते. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा एकदा बजावलं, की या लोकांना नागरिक माना आणि पासपोर्ट द्या. २०१७ मध्ये पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना गेल्या.

पण त्याच वर्षी मागोमाग अटीही आल्या. पासपोर्ट हवा असेल तर आर. सी. आणि पिवळं पुस्तक परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, आणि तिबेटी वसाहतीत राहू नका.

मैत्रिणींनो, ही शेवटची अट बाईच्या नजरेतून वाचा. जिथे लग्न होऊन आलो, जिथे लेकरं झाली, जिथे म्हातारी सासू अंथरुणाला खिळली आहे, ते घर सोडा आणि मग कागद घ्या! पुरुष एकवेळ नोकरीच्या गावी खोली करून राहील. घरची बाई कुठे जाईल? हक्क कागदावर द्यायचा आणि त्याच्या दारात असा उंबरठा ठेवायचा, की बाईला तो ओलांडताच येऊ नये. हा नकार नव्हे, असं कुणी म्हणू शकेल. पण परिणाम तर तोच.

अर्जाची वाट

आता त्या १९८८ च्या धाकट्या भावाकडे येऊ. त्याच्यासाठी चौथी वाट, म्हणजे देशीयकरण. नियम असा, की अर्ज करण्याआधीचं सलग एक वर्ष भारतात राहिलेलं असावं आणि त्याच्या आधीच्या चौदा वर्षांपैकी किमान अकरा वर्षं इथे काढलेली असावीत. चारित्र्य चांगलं हवं. आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा नीट यायला हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे. स्वेटर विकताना आपल्याशी मराठीत हुज्जत घालणाऱ्या बाईची परीक्षा घ्यायची वेळ आली, तर ती आपल्याहून जास्त मार्कांनी पास होईल!

अटी पूर्ण होतात. मग अडतं कुठे?

अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्याकडे. त्यांनी साठ दिवसांत अहवालासह तो राज्य सरकारकडे पाठवायचा. राज्याने तीस दिवसांत केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे धाडायचा. दरम्यान पोलिसांची आणि गुप्तवार्ता यंत्रणेची चौकशी. हे सगळं पटलं की अर्जदाराला सांगितलं जातं, आता तुमचं आधीचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा. मग निष्ठेची शपथ आणि शेवटी प्रमाणपत्र. नियम वाचला तर जिल्हा आणि राज्य मिळून तीनच महिने लागावेत. पण चौकशीचा एक कागद परत येतो, नावाच्या स्पेलिंगवर शंका निघते, फाईल हाताळणारा माणूस बदलतो. सरकारी कामाची ही रीत आपण रेशन कार्डासाठीसुद्धा भोगली आहे.

त्यात तिबेटी माणसाची अडचण आणखी निराळी. अर्जासोबत मूळ देशाचा पासपोर्ट मागतात. तो कुणाचा आणायचा? तिबेट नावाचा देश पासपोर्ट देत नाही, आणि चीनचं नागरिकत्व यांनी कधी घेतलंच नाही. आधीचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला आणा म्हणतात. जे कधी हातात नव्हतं ते सोडायचं कसं? आडनावाचा रकाना असतो, तर बऱ्याच तिबेटींना आडनावच नसतं. ‘तेन्झिन’ हे नाव तर घराघरात, मुलांचंही आणि मुलींचंही. एकाच वसाहतीत एकाच नावाची माणसं कितीतरी, मग चौकशीत गोंधळ होणारच. शिवाय जुन्या माणसांना आपली जन्मतारीख माहीत नसते. ‘बर्फ पडत होता, त्या वर्षी’ ही तारीख फॉर्ममध्ये बसत नाही.

आपल्या भागातल्यांना आणखी एक गोष्ट लक्षात येईल. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा झाला. म्हणजे १९७४ ला प्रतापगडात जन्मलेल्या मुलीच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा भंडारा, आणि आजच्या पत्त्यावर जिल्हा गोंदिया. माणूस जागचा हलला नाही, जिल्हाच हलला! हे आपल्याला इथे सहज कळतं. दूरच्या टेबलावर बसलेल्याला ते समजावून सांगायला एक ज्यादा कागद लागतो.

हा उशीर किती मोठा आहे? डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिलं, की १४ डिसेंबर २०२१ रोजी गृह मंत्रालयाकडे नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज पडून होते. त्यातले ७,३०६ पाकिस्तानातून आलेल्यांचे होते. ‘कोणत्याच देशाचे नाहीत’ अशा रकान्यातले ४२८ होते. आकडा बघून कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या देशात दहा हजार म्हणजे काय! पण प्रत्येक अर्जामागे एक घर असतं. आणि अर्ज न करता नुसतेच थांबलेले या आकड्यात नाहीत.

शेजारचं घर, वेगळी रांग

अर्जुनी मोरगाव तालुक्यात फक्त तिबेटीच निर्वासित आहेत असं नाही. अरुणनगर, गौरनगर, संजयनगर, पुष्पनगर ही नावं आपण रोज ऐकतो. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेली बंगाली कुटुंबं इथे वसवली गेली. आज त्यांच्या बाया आपल्यासारख्याच बाजारात येतात, भाजी घेतात, मासळीचा भाव करतात. त्यांची नातवंडं अस्खलित मराठी बोलतात. त्यांच्यातल्या नमःशूद्र समाजाचं दुखणं असं, की पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे देश मिळाला, तरी पोरीच्या शिष्यवृत्तीचा कागद पुन्हा अडतोच.

आणि थोडं पुढे नागपूरला चला. जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आहेत. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षं काढलेली. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या देशांतून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार काही ठरावीक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे ही नावं त्यात होती. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फाईलला जितका कमी प्रवास, तितका निर्णय लवकर. दिल्लीपर्यंत जाणारी फाईल जिल्ह्यातच थांबली, तर माणसाला ती विचारायला जाता येतं.

पुढे २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्यावर देशभर किती वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. त्या वादात मी इथे शिरत नाही. आपल्या विषयापुरतं एवढंच, की या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी अकरा वर्षांची अट पाचवर आली. कायदा २०१९ चा, पण त्याचे नियम निघाले ११ मार्च २०२४ ला. म्हणजे ज्यांची वाट कमी करायची, त्यांनाही नियमांसाठी चार वर्षांहून जास्त थांबावं लागलं!

आणि तिबेटी? यादीत बौद्ध आहेत, पण देश तीनच आहेत. तिबेट त्यात नाही. त्यामुळे इटियाडोहच्या आसपास राहणाऱ्या दोन शेजारणींपैकी एकीच्या घरच्यांसाठी एक रांग आणि दुसरीच्या घरच्यांसाठी दुसरी. दोघींनी घर सोडून आलेल्या आईच्या तोंडून तेच ऐकलेलं. रात्रीतून निघालो, हाताला लागलं ते घेतलं, दार लावायलाही वेळ नव्हता.

दुसरी बाजूही ऐकू

सरकारचीही एक बाजू आहे, ती न्यायाने मांडली पाहिजे. नागरिकत्व म्हणजे बाजारातली पिशवी नव्हे, की आला त्याला दिली. सरहद्दीचा प्रश्न असतो, खोट्या कागदांचा असतो. चौकशी हवीच. भारताने तिबेटींना १९५९ पासून आसरा दिला, जमिनी दिल्या, शाळा दिल्या. २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणून जमिनीचे भाडेपट्टे आणि सरकारी योजनांचा लाभ देण्याचं ठरवलं. हे लहान काम नाही.

आणि तिबेटींमध्येही सगळ्यांना भारताचं नागरिकत्व हवंच आहे असंही नाही. कित्येक म्हाताऱ्यांना वाटतं, नागरिक झालो तर परत जायची आशा सोडल्यासारखं होईल. ‘आर. सी. हातात आहे तोवर मी तिबेटची,’ असं मानणारी आजी आहे आणि ‘मला बँकेची परीक्षा द्यायची आहे,’ म्हणणारी नात आहे. एकाच घरात. दोघींचंही खरं आहे. मी त्या चहा देणाऱ्या बाईंना विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आईला विचारलं तर रडते. लेकीला विचारलं तर चिडते. मी मधली. मी काय सांगू?’’

मला वाटतं, म्हणूनच निर्णय लवकर हवा. हो किंवा नाही, पण वेळेवर. ‘नाही’ म्हटलं तर माणूस कोर्टात जातो, नाहीतर दुसरी वाट शोधतो. नुसतं ‘विचाराधीन’ म्हटलं की माणूस काहीच करू शकत नाही. आपण लग्नाच्या बाबतीत हे चांगलं ओळखतो ना? मुलगी बघून गेलेले लोक ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. त्या घरात पुढचं स्थळ बघता येत नाही, आलेलं सोडता येत नाही. वर्ष निघून जातं. ‘कळवतो’ मध्ये आयुष्य काढणं काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि त्या ‘कळवतो’च्या काळात काय काय थांबतं? सरकारी नोकरीचं वय निघून जातं. कर्जाला जामीन लागतो, तो देणारा मिळत नाही. शेत स्वतःच्या नावावर होत नाही. परदेशात शिकायला बोलावणं येतं, पण पिवळ्या पुस्तकावर व्हिसा मिळेल की नाही, याची खात्री नसते. सोयरीक जुळवताना ‘मुलीकडे कोणता कागद आहे’ असा प्रश्न येतो. आणि तरुण पोरं एकेक करून वसाहत सोडून दूर देशी जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाया.

आपल्यासाठी यात काय?

कुणी म्हणेल, हे सगळं निर्वासितांचं. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. आपल्याला काय त्याचं?

जरा स्वतःच्या कपाटातली फाईल काढून बघा. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं नाव आधारवर, आणि मतदार यादीत तिसरंच. घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या आपल्या आई-सासूकडे जन्माचा दाखला आहे का? बाईच्या आयुष्यात घर एकदा बदलतं, नाव बदलतं, पत्ता बदलतो आणि प्रत्येक वेळी कागदाची एक कडी तुटते. कागद मागायची वेळ आली, की आधी बाईच अडते. नोर्ग्येलिंगची बाई आज ज्या रांगेत आहे, त्या रांगेची ओळख आपल्यालाही आहे, फक्त आपण तिच्या पुढे उभ्या आहोत.

कायद्यानेही आईला उशिराच ओळखलं. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळायचं ते पूर्वी फक्त बापाकडून. आई भारतीय असून चालत नसे. १९९२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा आईही धरली गेली. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. चांगली गोष्ट आहे. पण नुसतं नाव लागून भागत नाही. त्या नावामागे आईचे स्वतःचे कागद उभे असले पाहिजेत.

म्हणून चार साध्या गोष्टी. घरात बाळ जन्मलं की एकवीस दिवसांत जन्माची नोंद करा, तेव्हा पैसे लागत नाहीत. उशीर झाला तर नोंद करता येते, पण वर्ष उलटलं की अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि खेटे वाढतात. नोंद करताना बाळाचं नाव ठरलं नसेल तर ते नंतर लावता येतं, पण पंधरा वर्षांच्या आत. ते विसरू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. आई-सासूचा जुना शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, जुनी मतदार यादी, जे असेल ते जपून ठेवा. लग्नाची नोंद करा, तोच माहेरच्या आणि सासरच्या नावांना जोडणारा कागद आहे. आणि अर्ज कुठलाही असो, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहितीच्या अधिकारात आपला अर्ज कुठे आहे, हे विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं.

सरकारकडूनही फार मोठं काही मागायचं नाही. १९८७ च्या आधी इथे जन्मलेल्यांना न्यायालयांनी नागरिक मानलं आहे. त्यांना पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावू नका. नागरिक आहे म्हणून घर सोड, असं तर कुणालाच सांगू नका. ज्यांच्याकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट नाही, त्यांच्याकडे तो मागू नका, आर. सी. पुरे माना. जिल्ह्यातल्या साठ दिवसांना साठ दिवसच समजा आणि अर्ज अडला तर का अडला, ते लेखी कळवा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

निघताना त्या बाईंनी आतून एक पत्र्याची पेटी आणून दाखवली. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. सासूची आर. सी., स्वतःची आर. सी., लेकीच्या शाळेचे दाखले, लसीकरणाचं जुनं कार्ड. धान भरायच्या कोठीवर, उंचावर ती पेटी ठेवलेली असते, पावसाचं पाणी लागू नये म्हणून. घराला आग लागली तर आधी काय काढाल, असं मी उगाच विचारलं. त्यांनी पेटीवर हात ठेवला.

मग लगेच हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आधी सासूला, ताई. मग ही.’’

या थंडीत स्वेटर घ्यायला गेलात, तर भाव जरूर करा. तो त्यांनाही अपेक्षित असतो. फक्त ‘तुम्ही कधी आलात?’ असं विचारू नका. ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारा. त्या सांगतील, प्रतापगड. इटियाडोहजवळचं.